दहा राग, सोळा घरं आणि एक न खपलेली रेकॉर्ड

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. हिंजवडीजवळच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी एका रिलीजवर डोळा ठेवून बसलो होतो. अशा वेळी मी यूट्यूबवर काहीतरी लावून ठेवतो. ऐकायला नाही, झोप लागू नये म्हणून. एक गाणं संपलं की पुढचं आपोआप लागतं, आणि आपण कुठून कुठे पोचलो ते कळतही नाही. त्या रात्री असंच काहीतरी सुरू झालं. आधी यंत्राच्या घशातून आल्यासारखा एक आवाज ‘ओम नमः शिवाय’ म्हणाला. मग सरळसोट, न थकणारा ठोका आणि त्याखाली वळवळणारा, चिखलात पाय रुतावा तसा एक बेस. त्यावर भैरव.

सोलापूरच्या पोराला ‘ओम नमः शिवाय’ नवीन नाही. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी, गड्ड्याच्या यात्रेत ते लहानपणापासून कानावर पडतं. पण असं कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, बर्लिनमधल्या किंवा बंगळुरूतल्या कुणा प्रोड्युसरचं गेल्या वर्षीचं काम असणार. स्क्रीनवर नाव पाहिलं तर चरणजित सिंग, ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. साल १९८२.

माझा जन्म व्हायला तेव्हा दशकाहून जास्त वेळ होता. बाबा शाळेत होते. मी लिंक बाबांना पाठवली. सकाळी त्यांचं उत्तर आलेलं. एकच ओळ : “तुझ्या ताताला ऐकवली. तो म्हणतो, लूम चालू आहे की बे.”

ही गोष्ट त्या रेकॉर्डची आहे. पण ताता काय म्हणाला ते समजायला मला बरेच महिने लागले, म्हणून ती थोडी आमच्या घराचीही आहे.

शिफ्टवर वाजवणारा माणूस

चरणजित सिंग यांचा जन्म १९४०चा. मुंबईच्या हिंदी सिनेसंगीतात ते वादक होते. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांच्या ऑर्केस्ट्रात त्यांनी वाजवलं. बेस गिटार हे त्यांचं मुख्य वाद्य, पण नवं काही वाजवायला मिळालं की ते सोडायचे नाहीत. अ‍ॅकॉर्डियनसारखं दिसणारं आणि विजेवर चालणारं ट्रान्झिकॉर्डही ते वाजवत.

साठ-सत्तरच्या दशकातलं हिंदी गाणं म्हणजे एक मोठा कारखानाच होता. ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचं मेहबूब स्टुडिओ, महालक्ष्मीचं फेमस. सकाळी पन्नास-साठ, कधी शंभर वादक एका हॉलमध्ये बसत. व्हायोलिनवाल्यांच्या रांगा, त्यात मोठ्या संख्येनं गोव्याची माणसं. स्वरलेखन वाचता येणारे अँथनी गोन्साल्विस आणि सबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे लोक या दुनियेचा कणा होते. कामाचे पैसे शिफ्टप्रमाणे. रेकॉर्डवर नाव गायकाचं, संगीतकाराचं, गीतकाराचं. बेस कुणी वाजवला, सॅक्सोफोन कुणाचा, हे सहसा छापलं जात नसे. आपण लहानपणापासून ज्यांची बोटं ऐकत आलोय, त्यातल्या बहुतेकांची नावं आपल्याला सांगता येणार नाहीत.

सोलापूरकरांना हे चित्र ओळखीचं वाटेल. चादरीवर ब्रँडचं लेबल असतं, विणणाऱ्याचं नाव नसतं.

या वादकांपैकी काहींना अधूनमधून स्वतःच्या नावाची रेकॉर्ड काढायची संधी मिळे. ती बहुधा गाजलेल्या सिनेगाण्यांची वाद्यावर वाजवलेली आवृत्ती असे. लग्नात, हॉटेलात, चहाच्या टपरीवर लावायला बरी. चरणजित सिंगांनीही अशा रेकॉर्डी केल्या होत्या. १९८२ची रेकॉर्डही एचएमव्हीचीच, पण तिच्यात एकही सिनेगाणं नव्हतं. भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. दहा राग, एकच ठोका, वाजवणारा एकच माणूस.

पुढे मुलाखतीत त्यांनी कारण सांगितलं ते अगदी साधं आहे. तेव्हा सिनेमात सगळीकडे डिस्को चालू होता, त्यांना काहीतरी वेगळं करायचं होतं. तर तबला बंद करायचा, डिस्कोचा ठोका लावायचा आणि त्यावर राग वाजवायचे. डिस्को खरंच सगळीकडे होता. १९८०ला ‘कुर्बानी’, १९८१ला नाझिया हसनचा ‘डिस्को दीवाने’, १९८२च्या शेवटी ‘डिस्को डान्सर’. त्या लाटेत अजून एक डिस्को रेकॉर्ड, एवढाच हिशेब.

“तबला बंद करायचा” हे शब्द लक्षात ठेवा. आपण त्यांच्याकडे परत येणार आहोत.

तीन यंत्रं

या रेकॉर्डवर तीन यंत्रं आहेत आणि तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. रोलँड ही इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ला ओसाकात सुरू केलेली कंपनी.

पहिलं टीआर-८०८. हे १९८०ला बाजारात आलेलं ताल वाजवणारं यंत्र. समोर सोळा बटणांची रांग. एक आवर्तन सोळा घरांत वाटलेलं. ज्या घरात ठोका हवा तिथलं बटण दाबायचं, नको तिथलं सोडायचं. त्यातला ड्रम खऱ्या ड्रमसारखा वाजत नसे म्हणून अनेकांनी नाक मुरडलं. १२,०००च्या आसपास यंत्रं विकली गेली आणि १९८३ला उत्पादन थांबलं. त्यातल्या काही आवाजांसाठी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरलेले असत. सेमीकंडक्टरचं तंत्र सुधारलं आणि तसे बिघडलेले ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले! पुढे याच यंत्राच्या आवाजावर हिपहॉप उभं राहिलं.

दुसरं टीबी-३०३. हे बेसचं यंत्र, चंदेरी रंगाची छोटी पेटी. घरी एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा हा तिचा हेतू. त्या कामात ती सपशेल नापास झाली. तिचा आवाज बेस गिटारसारखा नव्हताच आणि तिला सूर शिकवणं म्हणजे डोकेदुखी. सूर वेगळे भरायचे, त्यांच्या वेळा वेगळ्या भरायच्या. जराशी गल्लत झाली की भलतीच धून बाहेर पडणार. सुमारे १०,००० पेट्या बनवून रोलँडनं १९८४ला ती बंद केली.

तिसरं ज्युपिटर-८. एका वेळी आठ सूर वाजवू शकणारा मोठा, महागडा सिंथेसायझर. रेकॉर्डवर राग वाजतात ते याच्यावर, माणसाच्या बोटांनी.

८०८ आणि ३०३ एका वायरीनं जोडता येत. मग दोन्ही एकाच घड्याळावर चालतात. चरणजित सिंगांनी ३०३ सिंगापूरहून आणली, घरी या यंत्रांची जोडणी करून सराव केला, आणि बरं वाटतंय म्हणून रेकॉर्ड केलं.

भारतातलं हे पहिलं इलेक्ट्रॉनिक संगीत अजिबात नाही. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९लाच मूग सिंथेसायझर आला होता. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्युडर यांनी तिथला स्टुडिओ लावून दिला. तिथल्या लोकांनी केलेल्या टेप कपाटात पडून राहिल्या आणि पॉल पुर्गास यांच्या शोधामुळे २०२३ला रेकॉर्डच्या रूपात लोकांसमोर आल्या. मुंबईच्या सिनेसंगीतात सिंथेसायझर आणण्यात केर्सी लॉर्ड यांच्यासारखे वादक पुढे होते. म्हणजे यंत्रं होती, माणसंही होती. चरणजित सिंगांचं वेगळेपण असं की त्यांनी यंत्राला दुसऱ्या वाद्याची नक्कल करायला लावली नाही. त्यांनी त्याला यंत्रासारखं वाजू दिलं.

राग कसे जमले?

हा प्रश्न मला इंजिनियर म्हणून पडला. पाश्चात्त्य पॉप गाण्यात कॉर्ड बदलत राहतात. खाली कॉर्ड बदलली की बेसला तिच्या मागे जावं लागतं. सोळा घरांची एकच ओळ पाच मिनिटं फिरवत ठेवली तर असं गाणं तुटतं.

रागाला कॉर्ड लागत नाहीत. त्याला लागतो एक पक्का षड्ज, जो हलत नाही, आणि ठरलेल्या स्वरांत हिंडायची मोकळीक. तानपुरा म्हणजे तरी काय? तेच ते, तेच ते, आणि त्या तेच-तेचच्या आधारानं वर काहीही. ३०३च्या पेटीला नेमकं हेच जमत होतं. या दहापैकी भूप, कलावती, मालकंस आणि बैरागी हे तर पाच स्वरांचे राग. सोळा घरांत पाच स्वर फिरवले तरी रागाचा चेहरा ओळखू येतो.

अजून एक गोष्ट. ३०३मध्ये ‘स्लाइड’ नावाची सोय आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर तुटक उडी न मारता घसरत जायचं. आपण त्याला मींड म्हणतो. जपानी इंजिनियरनी ती बेस गिटारवाल्याच्या बोटांसाठी दिली होती, ती इथे रागदारीच्या कामी आली. हेडफोन लावून फक्त खालचा बेस ऐका. तो घसरतो, फुगतो, आक्रसतो. बेसुरा मात्र होत नाही.

एक कबूल करतो. घराण्याचं गाणं ऐकणाऱ्याला हे राग अपुरे वाटतील. आलाप नाही, विलंबित नाही, चार-पाच मिनिटांत राग उरकतो. सकाळचा भैरव आणि रात्रीचा मालकंस एकाच ठोक्यावर. तक्रार खरी आहे. पण चरणजित सिंग मैफल करत नव्हते. रागाचा सांगाडा दुसऱ्या यंत्रावर चालतो का, हे ते तपासत होते. आमच्या भाषेत, पोर्ट करून बघत होते.

पुठ्ठ्याची भोकं

आता ताताकडे येऊ. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले पद्मशाली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड. माझ्या आजोबांना, म्हणजे ताताला, आयुष्यात एकच काम येत होतं : चादरीचं जकार्ड.

सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ला निघाली. लोक तिला आजही जुनी मिल म्हणतात. पुढे अजून गिरण्या आल्या, मग एकामागून एक बंद पडल्या. मागे राहिले घरोघरचे आणि शेडमधले यंत्रमाग. सोलापुरी चादर यांच्यावर विणली जाते आणि तिच्यातली फुलं, मोर, जाळ्या येतात त्या जकार्डमधून.

ते असं चालतं. आधी नक्षी चौकटीच्या कागदावर काढायची. एक चौकोन म्हणजे एक उभा धागा आणि एक आडवा धागा भेटतात ती जागा. चौकोन रंगवला तर धागा वर, कोरा सोडला तर खाली. मग या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. धोट्याच्या एका फेरीला एक कार्ड. कार्डं दोरीनं ओवून त्यांची माळ करायची, माळेची दोन टोकं जोडायची. माळ फिरत राहते, नक्षी पुन्हा पुन्हा येत राहते.

८०८वरची सोळा बटणं मी पहिल्यांदा नीट पाहिली तेव्हा ताताचं वाक्य कळलं. बटण दाबलं तर ठोका, सोडलं तर नाही. सोळा झाले की पुन्हा पहिलं घर. ती ग्राफची एक ओळ होती. लूम चालू आहे की बे.

हे नुसतं साम्य नाही, यामागे खरा इतिहास आहे. फ्रान्समध्ये जाक द व्होकांसां नावाचा एक यंत्रकार होता. १७३८ला त्यानं पॅरिसमध्ये बासरी वाजवणारा यांत्रिक पुतळा दाखवला, जो खरोखर फुंकर मारून वाजवत असे. मग त्याला रेशीम उद्योगाच्या कामावर नेमलं गेलं आणि त्यानं आपोआप नक्षी विणणारा माग बनवला. संगीताच्या यंत्रावरून तो मागाकडे गेला! ती कल्पना पुढे नेऊन जोसेफ मारी जाकार यांनी १८०४च्या सुमारास कार्डांच्या माळेवर चालणारं यंत्र बनवलं. आपण ‘जकार्ड’ म्हणतो ते त्यांचं आडनाव.

इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणित करणाऱ्या यंत्रासाठी हीच भोकांची कार्डं घेतली. ते यंत्र पूर्ण झालं नाही. पण १८४३ला एडा लव्हलेस यांनी त्यावर टिपणं लिहिली. जाकारचा माग फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताच्या नक्ष्या विणेल, असं त्यांनी म्हटलं. त्याच टिपणांत त्यांनी असंही लिहिलं, की स्वरांचे आपसातले संबंध नियमांत मांडता आले तर हे यंत्र संगीतही रचू शकेल.

स्वरांचे आपसातले संबंध नियमांत मांडणं. आरोह, अवरोह, वादी, संवादी. राग दुसरं काय आहे?

इंजिनियरिंगला आम्हाला बॅबेज आणि लव्हलेस शिकवले होते. जकार्ड लूमचंही चित्र होतं, पाव पानाचं. सोलापूरच्या कॉलेजात, त्या यंत्राच्या खटखटीपासून दोन किलोमीटरवर बसून मी ते पाठ केलं. माझा ताता त्या चित्रातला माणूस आहे, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला तेव्हा घरातून निघायची घाई होती.

डोनेगलची मुलगी

ज्या वर्षी मुंबईत ही रेकॉर्ड निघाली त्याच वर्षी, १९८२ला, आयर्लंडमध्ये एक विशीतली मुलगी आपल्या भावंडांचा बँड सोडून बाहेर पडली. ती डोनेगल परगण्यातल्या ग्वीडोरची. घरची भाषा आयरिश, घरच्या बँडचं नाव क्लॅनाड. मुलीचं नाव एन्या.

तिच्याबरोबर निकी रायन आणि रोमा रायन हे जोडपं होतं. ध्वनिमुद्रण निकीचं, शब्द रोमाचे. डब्लिनच्या आर्टेन भागात घरामागच्या शेडमध्ये त्यांनी स्टुडिओ मांडला. पद्धत अशी, की एकाच गळ्यातून तोच सूर पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करायचा आणि थरावर थर चढवायचे. ऐकणाऱ्याला वाटतं मोठं चर्चगायन चाललंय, असते एकच बाई.

१९८८ला तिचा ‘वॉटरमार्क’ अल्बम आला. त्यातलं ‘ओरिनोको फ्लो’ तुम्ही नावानं ओळखत नसाल, पण ऐकलं नक्की असेल. त्याच्या सुरुवातीला टपटप पडणारे जे सूर आहेत, ते रोलँडच्याच डी-५० या सिंथेसायझरमधले. कारखान्यातूनच भरून आलेला आवाज, बटण दाबलं की हजर. ते गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि अल्बम जगभर लाखोंनी खपला.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एका बाजूला जुनी, घरातून आलेली संगीतपरंपरा आणि जपानी यंत्र. दुसऱ्या बाजूलाही तेच. दोन्हीकडे सगळा वाद्यवृंद एकाच माणसात कोंबलेला. तरी एक अल्बम जगभर गेला आणि दुसरा दुकानाच्या मागच्या खणात. फरक फक्त प्रतिभेचा होता असं मला वाटत नाही. एन्याच्या मागे वॉर्नरच्या ब्रिटिश शाखेचे प्रमुख रॉब डिकिन्स उभे होते. ‘हे काय आहे’ असं लोकांनी विचारल्यावर सांगायला कुणीतरी होतं. ‘टेन रागाज’च्या बाबतीत शास्त्रीयवाल्यांना तो डिस्को वाटणार, डिस्कोवाल्यांना शास्त्रीय. तिला गाणारा आवाज नव्हता, सिनेमा नव्हता, हिरो नव्हता. वर बाजार एलपीवरून कॅसेटकडे धावत होता. कॅसेट स्वस्त, टेपरेकॉर्डर रिक्षापासून सलूनपर्यंत. आमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या प्रल्हाद शिंद्यांचा आवाज त्या कॅसेटींनी गावोगाव पोचवला. रागांची डिस्को एलपी तेवढी राहून गेली.

पहिला कोण?

पुढचा भाग इंटरनेटच्या आवडीचा आहे, म्हणून तो जरा जपून सांगतो.

८०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत जुन्या बाजारात ३०३ची पेटी स्वस्तात मिळू लागली. शिकागोच्या काही तरुणांनी ती घेतली. सूर वाजत असताना तिच्या खुंट्या पिळल्या की ती कुरकुरते, चिरकते, ओरडते हे त्यांच्या लक्षात आलं. ‘फ्युचर’ नावाच्या त्यांच्या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ला निघाली आणि त्यातून ‘अ‍ॅसिड हाउस’ हा अख्खा प्रकार जन्मला.

२००२ला एदो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात चरणजित सिंगांची एलपी मिळाली. घरी जाऊन लावली आणि तो चाट पडला. अ‍ॅसिड हाउस, पण पाच वर्षं आधीचं! त्यानं पुढे मुंबईत चरणजित सिंगांना गाठलं आणि २०१०ला आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ लेबलवर ती रेकॉर्ड पुन्हा काढली. अनेकांना ती थाप वाटली. एफेक्स ट्विन या ब्रिटिश संगीतकारानंच खोट्या नावानं केलेली ही गंमत आहे, अशी अफवा फिरली. मग मथळे आले आणि शेवटी आपल्याकडचे फॉरवर्ड : अ‍ॅसिड हाउसचा शोध भारतीयानं लावला.

मीही तो फॉरवर्ड केला होता. आता करणार नाही.

कारण शोध आणि आधी-केलेलं-असणं यात फरक आहे. शिकागोच्या मुलांनी ही रेकॉर्ड ऐकलेली नव्हती. चरणजित सिंगांना शिकागोत पुढे काय होणार ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. १९८२च्या आसपास ३०३ वापरणारे ते एकटेही नव्हते, ब्रिटनच्या हेवन सेव्हनटीननं त्याच वर्षी ती गाण्यात घेतली होती. अ‍ॅसिड हाउस म्हणजे नुसता आवाज नाही. ते क्लब, तिथली गर्दी, रात्रभर नाचणारी माणसं. ती शिकागोची कमाई आहे, तिथल्या कृष्णवर्णीय पोरांची. ‘आम्हीच पहिले’ म्हणून ती त्यांच्याकडून काढून घेण्यात मला आता मोठेपणा दिसत नाही. स्वतःचं नाव रेकॉर्डवर नसण्याचं दुःख ज्यांना माहीत आहे, त्यांनी तरी हे करू नये.

मग रेकॉर्डची किंमत काय? माझ्यापुरतं उत्तर असं : एकाच यंत्राचे दोन अर्थ दोन शहरांनी एकमेकांना न विचारता लावले. शिकागोनं खुंट्या पिळून पिळून त्यातला गोंधळ बाहेर काढला, मुंबईनं त्यात शिस्त ओतली. बनवणाऱ्या कंपनीला यातला एकही अर्थ दिसला नव्हता.

चरणजित सिंगांना उशिरा का होईना, हे पाहायला मिळालं. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोपातल्या मंचांवर हेच राग वाजवत होते, समोर विशीतली पोरं नाचत होती. जुलै २०१५मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

ढोलकी

आता तबला बंद करण्याबद्दल.

माझे बाबा दिवसा एका शेडमध्ये हिशेब बघायचे आणि गणपती-नवरात्रात, लग्नाच्या मोसमात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. ऑर्केस्ट्रात ढोलकीला एक मामा होते. सगळेच त्यांना मामा म्हणत. मला त्यांची बोटं आठवतात, चहाचा ग्लास धरला तरी त्यावर टिकटिक चालू.

२००३ की २००४च्या गणपतीआधी बाबांनी जुना पण चांगला कीबोर्ड घेतला. त्यात शंभर ताल भरलेले होते. एक बटण दाबलं की डिस्को, दुसऱ्यावर भांगडा, तिसऱ्यावर साधा केरवा. पहिल्या वर्षी मामा होतेच. दुसऱ्या वर्षी सुपारी देणाऱ्या मंडळानं विचारलं, “ताल तर यातून येतोय, मग पाच माणसांचे पैसे कशाला?” तिसऱ्या वर्षी ऑर्केस्ट्रा चार माणसांचा झाला. कुणी मामांना काढलं नाही. फक्त त्यांना फोन गेला नाही.

बाबांनी हे मला ती रेकॉर्ड पाठवल्यानंतर फोनवर सांगितलं. एवढ्या वर्षांत कधी बोलले नव्हते. म्हणाले, “मंडळाचं नाव घेऊन मी सुटलो बघ. पण बटण तर माझ्याच बोटाखाली होतं की.”

मी काही बोललो नाही. त्याच्या वर्षभर आधी कंपनीत मी टेस्टिंगची एक स्क्रिप्ट लिहिली होती. जे काम सहा जण आठवडाभर करायचे ते ती रात्रीत करायची. मला त्याबद्दल शाबासकी मिळाली. त्या सहापैकी चौघं आता तिथे नाहीत.

चरणजित सिंगांच्या रेकॉर्डमध्येही हे आहे, ऐकणाऱ्याला ऐकू येतं. तबला बंद आहे. व्हायोलिनची रांग नाही. आयुष्यभर शंभर जणांत बसून वाजवलेला माणूस एकटा तीन यंत्रांसमोर बसलाय. पुढच्या दशकांत तशीच यंत्रं सिनेमाच्या स्टुडिओत आली आणि ते मोठे हॉल रिकामे झाले. ती रेकॉर्ड करताना त्यांना हे दिसत होतं असं मी म्हणणार नाही. ते नवं वाद्य मिळाल्याच्या आनंदात होते आणि तो आनंद खरा आहे. मला स्क्रिप्ट पहिल्यांदा चालली तेव्हा झालेला आनंदही खरा होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, एवढंच मी यातून शिकलो.

गेल्या गणपतीत घरी गेलो होतो. बाबांनी मामांना जेवायला बोलावलं होतं. जेवण झाल्यावर मी फोनवर भूप लावला आणि कथा सांगितली. मामांनी डोळे मिटून ऐकलं. बोटं स्टीलच्या डब्यावर गेली. यंत्राचा ठोका सरळ होता. मामा त्याच्या मधे, रिकाम्या घरांत वाजवत होते. सोळातली जी घरं कोरी होती, बरोबर तिथे.

गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, “हे खपलं काय?”

“तेव्हा नाही. पुढे सत्तरीनंतर लोकांनी बोलावलं. परदेशात.”

मामांनी डब्याचं झाकण नीट लावलं.

“मग मला अजून सात वर्षं आहेत की,” ते म्हणाले, आणि बाबांकडे बघून हसले. बाबा हसले नाहीत. उठून आत गेले आणि माळ्यावरून ढोलकी काढायला शिडी शोधू लागले.